भिंतीचे अगत्य

१८६७च्या सुमारास बर्लिनमध्ये युलियुस कोनहाइम बेडकाच्या आतड्याजवळचे पारदर्शक पटल सूक्ष्मदर्शकाखाली पसरून तासन्‌तास पाहत बसे. शिरेतला प्रवाह आधी वेगाने धावे, मग मंदावे. पांढऱ्या पेशी मधली धार सोडून काठाला येत, भिंतीशी रेंगाळत. आणि मग भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बारीक उंचवटे उगवत, फुगत जात, देठाएवढ्या धाग्याने अडकून राहत आणि अखेर सुटून ऊतींत उतरत. पुवातल्या पेशी त्या जागीच निपजतात, असे शिकवणाऱ्या फिर्शोचा हा शिष्य. गुरूच्या मताला छेद देणारे दृश्य न बिचकता पाहत राहणे, हीही एक साधनाच.

कोनहाइमने भिंत बदलते, एवढे ताडले होते. पण ती बोलावते, हे उमगायला आणखी शतक जावे लागले. दाहाचा सांगावा येताच शिरेच्या अस्तरातील पेशी आपल्या पोटातल्या कुप्यांतून पी-सेलेक्टिन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. ई-सेलेक्टिन नव्याने घडवायला त्यांना काही तास लागतात. हे रेणू वाहत्या पेशीला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, गर्दीच्या फलाटावर ओळखीच्या माणसाने बाही ओढावी तसे. वेग ओसरला की आयकॅम-१ तिला घट्ट थोपवतो आणि मग ती भिंतीतून वाट काढते. ज्यांना ही पकड जन्मतः लाभत नाही, अशा बालकांची नाळ उशिरा गळते, जखमा चिघळतात, पण त्यांत पू धरत नाही. पुवाची किळस करणाऱ्या आपल्याला त्याचे ऋण असे अभावातूनच कळते.

सोरायसिसचा पोपडा हळूच खरवडला तर खाली रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात. इतक्या वर, इतक्या फुगून आणि वेटोळून, केशवाहिन्या आलेल्या असतात. त्या लालीखालच्या शिरांवर ई-सेलेक्टिन उभे असते आणि त्वचेचा पत्ता अंगावर वागवणाऱ्या टी-पेशी त्याला ओळखून थांबतात. जखम नाही, हल्लेखोर जंतू नाही, तरी पाचारण चालूच. इथे भिंतीचे काही चुकते, असे मला म्हणवत नाही. तिच्यापर्यंत पोचलेल्या निरोपाला ती इमानाने जागते, आणि निरोपाची शहानिशा करणे तिच्या प्रकृतीतच नाही.

मग ही पकडच सोडवली तर? इफालिझुमॅब हे औषध नेमके तेच करी: आयकॅमला धरणारा पेशीचा हात झाकून टाकी. अमेरिकेत २००३ साली त्याला मान्यता मिळाली, कित्येकांची त्वचा निवळली. पण मोजक्या रुग्णांत, एरवी बहुतेकांच्या शरीरात निमूट राहणारा जेसी विषाणू मेंदूत उसळला, काही दगावले, आणि २००९मध्ये औषध बाजारातून गेले. त्वचेकडचा ओघ थोपवताना मेंदूची राखणही उणावली होती. देहाने पीडेसाठी वेगळी वाट आणि रक्षणासाठी वेगळी, अशी सोय केलेलीच नाही.

आजची औषधे बहुधा निरोपच मूक करतात, आणि ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. तरीही उपचार थांबले की चट्टा पुष्कळदा त्याच कोपरावर, जवळजवळ त्याच सीमारेषेत परततो. कारण पूर्वी आलेल्या टी-पेशींपैकी काही तिथेच वस्तीला राहिलेल्या असतात, आणि त्यांना पुन्हा जागे व्हायला शिरेच्या आमंत्रणाची गरज उरलेली नसते.