अडीचशे घरांचा धंदा

हापूस वरून कितीही देखणा असला तरी आत साका आहे की नाही, हे कापल्याशिवाय कळत नाही. बागायतदाराला नाही, आडत्याला नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. फोड केली की गराच्या मधोमध पांढरट, भुसभुशीत चट्टा निघतो आणि सगळ्या पेटीवरचं मन उडतं. तापलेल्या जमिनीची धग आणि झाडावर फार काळ राहिलेलं फळ ही त्याची कारणं सांगतात. चौदा आणे तयार झालेलं फळ उतरवलं, झाडाखाली पाल्याचं आच्छादन ठेवलं, तर साका कमी होतो. पण तो पुरता जात नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साका न धरणारी ‘रत्ना’ ही जात काढून कितीतरी वर्षं झाली, तरी लोकांचा जीव हापूसवरच. आतलं न दिसणारं फळ विकायचं, म्हणजे हा धंदा मुळातच शब्दावर चालणारा.

सोशल मीडियावर गिऱ्हाइकांशी नातं कसं जोडावं, याचे सल्ले आज गल्लोगल्ली मिळतात. रोज पोस्ट टाका, रील करा, फॉलोअर वाढवा. मला हा प्रश्न कोकणातल्या आंब्याच्या बागेत उभं राहून तपासावासा वाटतो. कारण तिथे नातं खरं आहे की नुसतं दिखाऊ, याचा निकाल दर हंगामात पेटी उघडली की लागतो.

बहुतेक पेट्या वर्षानुवर्षं वाशीच्या बाजारात जात आल्या. आडत, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात यायची. आपला आंबा कोणी खाल्ला, त्याला तो आवडला का, हे बागायतदाराला कधीच कळायचं नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, ऐन हंगामात, टाळेबंदी होती. वाशीचा बाजार मध्येच बंद पडू लागला, आणि झाडावर फळ तर तयार. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर याद्या फिरल्या आणि पेट्या बागेतून थेट इमारतीच्या फाटकाशी उतरल्या. एसटीनेही मे महिन्यात मालवाहतूक सुरू केली. त्याआधीही थेट विक्री करणारे होतेच, पण त्या हंगामात अनेकांना पहिल्यांदाच खाणाऱ्याचं नाव आणि नंबर कळला.

खरी कसोटी पुढच्या वर्षी होती. बाजार उघडल्यावर ते नंबर टिकले कोणाचे?

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीचा एक नियम इथे फार बोलका आहे. यादीत माणसं घालता येतात २५६, आणि निरोप पोचतो तो फक्त ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच. समोरच्याने आपल्याला ठेवून घेतलं नसेल, तर आपण कितीही ओरडलो तरी त्याच्या घरात आवाज जात नाही. आता हिशेब करा. एखाद्या मध्यम बागेतून पाचशे पेट्या निघतात असं धरू. घरटी दोन पेट्या गेल्या तर अडीचशे घरं झाली. बाग तेवढीच, झाडं तेवढीच. दहा हजार फॉलोअर मिळाले म्हणून कलम जास्त फळ धरत नाही. छोट्या धंद्याला हजारोंच्या गर्दीची गरज नसते. त्याला परत येणारी मोजकी घरं लागतात. हे एकदा मनात पक्कं झालं की फोनवर काय लिहायचं, कोणाला लिहायचं, सगळंच बदलतं.

काय बदलतं, ते एका प्रसंगात दिसतं. पुण्यातून एक फोटो येतो: कापलेला आंबा, आत साका. खाली एवढंच, ‘दादा, सहा फळं अशी निघाली.’ एक विक्रेता लिहितो, ‘आमच्याकडून चांगलाच माल गेला होता, तुमच्याकडे उन्हात राहिला असेल.’ दुसरा लिहितो, ‘ताई, साका आहे तो. यंदा ऊन फार, आमच्याही घरच्या अढीत निघाला. पुढच्या पेटीत सहा फळं जास्त घालतो.’ सहा आंब्यांचं नुकसान त्याने सोसलं, आणि ते घर त्याचं झालं. मी तर म्हणेन, हंगाम सुरू होण्याआधीच कळवावं की यंदा थंडी लांबली, तुडतुडा पडला, फळ उशिरा आणि कमी येईल, भाव चढा राहील. वाईट बातमी आधी देणाऱ्या माणसाची चांगली बातमी लोक खरी मानतात.

या सगळ्याला श्रम लागतात, आणि ते कोणी मोजत नाही. दिवसभर फळं उतरवणं, निवडणं, पेंढा घालून पेट्या भरणं चालू असताना ‘पेटी कुठवर आली?’ या शंभर निरोपांना उत्तर कोण देतं? बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर पुण्यात नोकरी करणारा मुलगा रात्री जागून. कारागिराच्या, शिंप्याच्या, मसाले कुटणाऱ्या बाईच्या धंद्यातही हेच. हे काम विक्रीइतकंच धंद्याचं आहे. त्याचा मोबदला आणि मान दोन्ही त्या सुनेला मिळाले पाहिजेत.

फसवणूकही याच फोनवरून होते. दुसऱ्याच्या बागेचे फोटो लावून आगाऊ पैसे घेणारे आहेत, परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकणारे आहेत. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. दोन्ही गोष्टी हव्यातच. पण स्टिकर फळाचं गाव सांगतं. साका निघाल्यावर फोन उचलणारा माणूस स्टिकरमधून मिळत नाही.

म्हणून वाचकांनाही काही मागायचं आहे. पेटी आवडली तर नंबर साठवून ठेवा. पैसे पेटी पोचल्या दिवशीच पाठवा. वाशीचा पडलेला भाव दाखवून घासाघीस करू नका. ज्या वर्षी भाव चढतो, त्या वर्षी बागायतदार तुम्हाला जुन्याच भावाने पेटी देतो का, हे आधी पाहा. फळ खराब निघालं तर गटावर बदनामी करण्याआधी त्याला फोटो पाठवा, आणि चांगलं निघालं तर तेही कळवा. आता थंडी सुरू होईल, कलमांना मोहोर येऊ लागेल. दिवाळीच्या फराळाचे फोटो सगळ्यांना पाठवाल तेव्हा आपल्या आंबेवाल्यालाही एक पाठवा, आणि मोहोर कसा आहे ते विचारा.