कायदा समजण्याचा हक्क

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व आपण सर्वांनी ऐकलेले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ते होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. वस्तुस्थितीविषयी प्रामाणिक गैरसमज झाला, तर कायदा काही वेळा माफ करतो. खुद्द कायद्याविषयी झालेला गैरसमज मात्र माफ करीत नाही. व्यवहारात याला पर्यायही नाही. 'मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून सुटता आले असते, तर प्रत्येक गुन्हेगार अडाणी ठरला असता. तरीही प्रश्न उरतोच: ज्याचा अर्थ कधी कोणी सांगितला नाही, ते मोडले म्हणून माणसाला शिक्षा करणे न्याय्य आहे काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या करताना चार गोष्टी सांगितल्या. कायदा विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने तो केलेला असावा आणि तो जाहीर झालेला असावा. राजपत्रात छापला की कायदा जाहीर झाला, असे शासन मानते. परंतु नहेम्याच्या ग्रंथात एज्रा लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो, तेव्हा लेवी त्याचा अर्थ उलगडून सांगतात. लोकांना आनंद होतो, तो ऐकलेले समजले म्हणून.

आपल्याकडे कायदा मराठीत आला, तरी तो समजतोच असे नाही. बांधावरच्या भांडणात मार खाल्लेल्या गरिबाला 'गुन्हा अदखलपात्र आहे' असे सांगितले जाते. आपल्या दुःखाची दखल घेण्याजोगी योग्यताच नाही, असे समजून तो परततो. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. 'अजामीनपात्र' म्हणजे जामीन कधीच नाही, असेही नव्हे. तो हक्काने मिळत नाही, न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. एका शब्दाचा अर्थ न कळल्याने एखादे कुटुंब हताश होते, आणि अशा कुटुंबाला लुबाडणारे दलाल नेमके दारात उभे असतात.

१९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एक प्रकरण आले. स्थानबद्ध केलेल्या एका माणसाला त्याची कारणे इंग्रजीत दिली होती आणि त्याला इंग्रजी येत नव्हते. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी अर्थ सांगितला होता, असा शासनाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. त्या माणसाला समजेल अशा भाषेत कारणे द्यायला हवी होती, असे म्हणून त्याची मुक्तता केली.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सहज वापरतो. तीत अनुभव आहे, हे खरे. पण ज्याला ती पायरी चढणे भागच पडते, त्याला ती एकटा सोडते. संत पौलाने तसे केले नाही. यरुशलेमात त्याला फटक्यांसाठी बांधले, तेव्हा दोषी ठरवल्यावाचून रोमन नागरिकाला फटके मारणे कायदेशीर आहे काय, असे त्याने शताधिपतीला विचारले. हात थांबले. कायदा ठाऊक असणे हे श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण नव्हे.

अर्थात कायदा म्हणजे सदाचार नव्हे. कायद्याला न सापडणारी पापे पुष्कळ आहेत, आणि पळवाट शोधण्यासाठी कायदा शिकणाऱ्यांचीही वाण नाही. आम्ही सांगतो आहोत ते शिक्षण दुर्बळाच्या रक्षणासाठी आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील वकिलांनी आणि शिक्षकांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर तासभर द्यावा, असे आम्हांस वाटते. सांगायचे थोडेच आहे. अटकेची कारणे सांगितलीच पाहिजेत. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत अटकेतील व्यक्तीला दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. नोंदविलेल्या प्रथम खबरेची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. एवढे प्रत्येक घरी पोहोचले, तर लेवींचे काम आपल्याकडूनही थोडे घडेल.