ओटीवरचा फोटो

मुर्ध्याच्या आमच्या जुन्या घरात ओटीवरच्या भिंतीला माझा एक फोटो होता. वय दीड वर्ष, कमरेला करदोटा, बाकी काही नाही. येणारा-जाणारा हसायचा. दहावीत गेल्यावर मी तो गुपचूप उतरवून पेटीच्या तळाशी टाकला. आईने पाहिलं, बोलली नाही. हसणारे सगळे मला नावानिशी ठाऊक होते, आणि फोटो एकच होता.

हे नातवाच्या वेळी आठवायला हवं होतं. उरलेल्या तुकड्यात आवणी चालली होती. सात वर्षांचं पोरगं चिखलात आपटलं, चड्डी निसटली, तोंड वासून रडायला लागलं. मी आधी मोबाइल काढला. 'पक्का शेतकरी' असं लिहून फेसबुकवर टाकला, लेकाने भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दोन दिवस नुसते बदाम येत होते. मग शाळेच्या व्हॅनमधल्या पोरांपर्यंत तो पोचला.

नातू एवढंच म्हणाला, "आबा, मी रडत होतो ना? मग मला उचललं का नाही?"

माझी आजी तान्ह्या पोराला तीट लावून पदराआड घ्यायची. "सगल्यांना नको दाखवू, कोनाची नजर कशी, काय ठाव!" आम्ही हसायचो. नजरेचं सोडा, पण कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही, हे तिला कळत होतं.

आपला 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कंपन्यांना पालकांची संमती घ्यायला सांगतो. पण घरगुती, खासगी वापर त्याने बाहेरच ठेवलाय. आणि पालकच फोटो टाकत असेल तर विचारायचं कुणाला? फ्रान्सने 2024 मध्ये कायदा केला, की मुलाच्या छबीचं रक्षण आई-बाप दोघांनी मिळून करायचं, त्याचं वय आणि समज बघून त्यालाही विचारात घ्यायचं. तान्ह्या पोराला काय विचारणार, हे खरंच. सात वर्षांचं तर दुधालाही नाही म्हणतं. म्हणून मी दुसरंच बघतो: उद्या याला हा फोटो भिंतीवरून उतरवता येईल का?

तो मी काढून टाकला. माझ्याकडून गेला. भावकीतले एक काका म्हणाले, "अरे, केवढा गोड आहे, ठेवलाय मी."

परवा उत्तनच्या किनाऱ्यावर तो होड्यांपाशी उभा होता, मागे सूर्य बुडत होता. "काढू का रे?" म्हटलं. "नको." मोबाइल खिशात घातला. खोटं कशाला बोलू, हळहळ वाटली. फोटो झकास आला असता.