गळका नळ आणि घट्ट झालेले मन
(उपवासकाळाचा तिसरा रविवार, अ वर्ष)



आजच्या वाचनांत सगळीकडे पाणी आहे. निर्गमच्या १७ व्या अध्यायात तहानेने कासावीस झालेले इस्राएली लोक मोशेशी भांडतात आणि खडकातून पाणी निघते. योहानच्या ४ थ्या अध्यायात प्रभू येशू दुपारच्या उन्हात याकोबाच्या विहिरीपाशी बसतो. आणि या दोन वाचनांच्या मध्ये ९५ वे स्तोत्र आपल्याला विनवते, की देवाची वाणी ऐकाल तेव्हा मन कठीण करू नका.

या वर्षी मन कठीण होणे म्हणजे काय, हे मला मिशनच्या स्वयंपाकघरातल्या एका नळाने शिकवले. म्हणून आज त्याविषयी लिहितो.

नाताळापासून तो नळ थेंब थेंब गळत होता. मी रोज रात्री तो थोडा जास्त आवळायचो. दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा टप टप सुरू. एकदा रात्री १० वाजता खाली बादली ठेवली. पहाटे ५ वाजता पाहिले तर जवळपास ८ लिटर पाणी साचलेले! हिशोब केला, महिन्याला ८०० लिटरांहून जास्त. निर्गुडेचे पात्र उन्हाळ्यात कसे कोरडे पडते आणि आपल्या माताभगिनी मे महिन्यात किती लांबून गुंड आणतात, हे मला ठाऊक आहे. मला लाज वाटली.

मग एका सकाळी मीच पाना घेतला. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी मिळते, पण पाना कसा धरावा हे तिथे शिकवत नाहीत. तोटीवरचा नट जाम झाला होता. मी जोर लावला, हलला नाही. आणखी जोर लावला, आणि नट फिरण्याऐवजी भिंतीतला पाइपच फिरला. भिंतीतून पाणी झिरपू लागले. मेन कॉक बंद करून मी ओल्या सदऱ्यानिशी बसून राहिलो.

संध्याकाळी आपल्याच धर्मग्रामातले एक काका आले. त्यांची सारी नोकरी कोळसा खाणीत फिटर म्हणून झाली. त्यांनी नळाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहून हसले. म्हणाले, "फादर, याले ताकद नाही लागत जी. याले वेळ लागते."

नटाभोवती साचलेला पांढरा थर त्यांनी नखाने खरवडून दाखवला. आपला भाग चुनखडीचा. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जमिनीतला तोच चुना पाण्यात विरघळून आपल्या घरी येतो आणि पातेल्याच्या तळाला, नळाच्या आट्यांत थर धरतो. एका दिवसाचा थर डोळ्यांना दिसतही नाही. वर्षानुवर्षांचा थर मात्र पितळेला पितळ चिकटवून टाकतो.

काकांनी लिंबाच्या रसात भिजवलेले फडके नटाभोवती गुंडाळले आणि ते घरी गेले. सकाळी येऊन त्यांनी त्यावर गरम पाणी ओतले. पान्याच्या दांड्याने नटाभोवती हलके हलके ठोकले. मग एक पाना मला दिला आणि सांगितले, "तुम्ही खालचा भाग घट्ट धरून ठेवा, मी वरचा फिरवतो." म्हणजे भिंतीतल्या पाइपावर ताण येत नाही. शेवटी त्यांनी जे केले ते पाहून मी चकित झालो. नट सैल करण्याआधी त्यांनी तो केसभर आवळला. 'कट्' असा बारीक आवाज झाला, थर फुटला. मग नट उलटा फिरवला तर तो मुकाट्याने सुटला.

आतून रबराचा वायसर निघाला. मधोमध गोल चिरलेला. काका म्हणाले, "हा गळून नाही खराब झाला. आवळून आवळून कापला गेला." बैठकीवरही चरा पडू लागला होता. पाच-दहा रुपयांचा नवा वायसर बसवला आणि नळ एका बोटाने बंद झाला. त्यानंतर भिंतीतल्या पाइपाचे काम मात्र दोन दिवस चालले. ते माझ्या जोराचे बिल होते.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री घर शांत होते, पण मला झोप आली नाही. माझ्या आयुष्यातला दुसरा एक नळ मला आठवत होता.

वडील वारल्यावर गावच्या घरावरून माझे आणि माझ्या मोठ्या भावाचे शब्दाला शब्द लागले. त्याला चार वर्षे झाली. भांडण पुढे वाढले नाही. मी ते 'आवळले'. तो विषय काढायचा नाही, नाताळाला शुभेच्छा पाठवायच्या, बस्स. मला वाटायचे, मी शांत आहे, मी क्षमा केली आहे. पण घराचा विषय निघाला की माझ्या तोंडून एखादा कडवट थेंब पडायचाच. दर वेळी मी आणखी आवळायचो. आत काय कापले जात होते, हे पाहिलेच नाही. आणि दर रविवारी मी तुम्हाला क्षमेवर प्रवचन देत होतो.

संत ऑगस्टिनने आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात सांगितले आहे की सवयीला विरोध केला नाही तर ती पुढे आपली गरजच होऊन बसते. कठीण मन एका दिवसात होत नाही. न बोललेला एक दिवस, मग दुसरा, मग तिसरा. चुन्याच्या थरासारखे.

मग हा थर सोडवायचा कसा? पवित्र शास्त्रात मोशेच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. आजच्या वाचनात देव त्याला खडकावर काठी मारायला सांगतो आणि तो मारतो. पण गणनाच्या २० व्या अध्यायात देव त्याला खडकाशी बोलायला सांगतो, आणि लोकांवर संतापलेला मोशे काठीने दोनदा फटका मारतो. पाणी तेव्हाही निघाले, कारण देव दयाळू आहे. पण मोशेला वचनदत्त देशात पाऊल ठेवता आले नाही. जिथे बोलायचे होते, तिथे त्याने काठी उगारली. घरातही असेच होते. आरडाओरडा करून आपण समोरच्याकडून 'चुकलं माझं' असे वदवून घेतो, आणि भिंतीतला पाइप फुटतो.

आता विहिरीपाशी बसलेल्या प्रभूकडे पाहा. त्या शोमरोनी स्त्रीचे पाच नवरे झाले होते, हे त्याला ठाऊक होते. पण त्याने तिथून सुरुवात केली नाही. त्याने तिच्याकडे पाणी मागितले. ज्याच्याकडे जिवंत पाणी आहे, त्याने आधी हात पुढे केला. तिला बोलू दिले, वाद घालू दिला, वेळ दिला. दुखरी गोष्ट निघाली, पण मन सैल झाल्यावर. आणि ती आपली घागर तिथेच टाकून गावात धावली.

मीही दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. घराचा विषय काढला नाही. एक वस्तू मागितली. "दादा, बाबांचा तो छोटा पाना तुझ्याकडे आहे का?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आहे. गंजला आहे. तेल लावून ठेवतो, येऊन घेऊन जा." घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण 'कट्' असा तो बारीक आवाज मी ऐकला आहे. पास्खा सणानंतर मी गावी जाणार आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्या घरात दारू आणि मारहाण आहे, तिथे धीराने सोसत राहा, असे मी म्हणत नाही. फुटलेल्या नळाचा मेन कॉक आधी बंद करायचा असतो. अशा बहिणींनी आधी सुरक्षित जागी जावे, वडीलधाऱ्यांना, मला, गरज पडली तर पोलिसांना सांगावे. दुरुस्तीचे नंतर बघता येते.

बाकी आपण सर्वांनी या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात. पहिली, माझे कोणते नाते आवळून ठेवले आहे, हे देवासमोर नावानिशी सांगावे. दुसरी, त्या व्यक्तीकडे एखादी छोटी वस्तू, छोटी मदत मागावी. क्षमा मागण्याचे शब्द सुचत नसतील तर मीठ मागा, पण दार वाजवा. तिसरी, पापनिवेदनाला या. दोन पाने लागतात, हे काकांनी मला शिकवले. आपण एकटे फिरवू लागलो तर सगळेच फिरते. प्रायश्चित्त संस्कारात देवाची कृपा आपल्याला खालून घट्ट धरून ठेवते, म्हणून सुटायचे तेवढेच सुटते. शनिवारी संध्याकाळी मी देवळात बसलेला असेन. आणि मीही दुसऱ्या धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून आलो आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे वचन देवाने यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून दिले आहे. तो ते जोराने करत नाही. तो वेळ देतो. हा उपवासकाळ म्हणजे तोच वेळ.

हे प्रभू, आमच्या मनावर साचलेला थर तुझ्या कृपेने भिजू दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू

ता. क. : काका पुढच्या रविवारी मिस्सेनंतर देवळाच्या आवारातले गळके नळ दुरुस्त करणार आहेत. युवकांनी शिकायला यावे. एक पाना धरायला माणूस लागतोच.