रज्जू आणि सर्प

अंधारातील दोरीला सर्प समजून भ्यालेला मनुष्य दिवा येताच निर्भय होतो, हा वेदान्तातील प्रसिद्ध दृष्टान्त. परंतु 5 वर्षांचे मूल भरदिवसा, दोरी ही दोरीच आहे हे जाणूनही, तिच्यावरून उडी मारावयास कचरते, तेव्हा भय केवळ ज्ञानाने जाते काय, असा प्रश्न उभा राहतो.

ज्या कृष्णाकाठच्या सातारा-सांगली मुलखात समर्थ रामदासांनी 17व्या शतकात मसूर, बहे आणि नागपंचमीसाठी ख्यात असलेल्या शिराळ्यात मारुती स्थापून उपासनेस बलाची जोड दिली, तेथे या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पटांगणावर मिळते. बाई प्रथम दोरी जमिनीवर निश्चल ठेवून मुलाला ती ओलांडावयास लावतात, मग ती नागासारखी वळवळवितात, आणि मूल हसू लागले म्हणजेच ती फिरवितात. दोरीवर डोळे खिळविणारे मूल अडखळते. जमिनीवरचा तिचा ‘टप्प’ असा ठेका कानांनी टिपणारे तरून जाते.

ज्ञानाने भ्रम जातो, भय मात्र अभ्यासानेच जाते. दोरी गुरूने फिरवावी, उडी शिष्याचीच. म्हणून पालकहो, मुलावर हुकमाचा अंमल बसवू नका. दोरी सावकाश फिरवा आणि धीर धरा.