पाळणे म्हणजे काय?



'पाळणे' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो! आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, उपवास पाळतो, रविवार पाळतो. घरात गाय, कोंबड्या, मांजर आणि पोपटही पाळतो. शब्द पाळायचा म्हणजे तो मोडू द्यायचा नाही, हे आपल्याला कळते. मग जीव पाळायचा म्हणजे नेमके काय करायचे? आमच्या घरातल्या एका पोपटामुळे हा प्रश्न आम्हाला पडला.

बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टापायी आम्ही बाजारातून पोपटाचे पिल्लू आणले. त्याचे नाव मिठू ठेवले. घरात मनी आधीपासून होती. कांद्याची चाळ आणि धान्याची पोती असलेल्या घोडेगावच्या घराला मांजर लागतेच. मनी तासन्‌तास पिंजऱ्याखाली बसून वर बघत राही आणि आम्ही कौतुकाने म्हणायचो, "बघा, दोघांची कशी गट्टी जमली!" पिंजरा उंच टांगलेला होता, मनीला पोटभर दूधभाकरी मिळत होती. आणखी काय करायला हवे होते?

एका दुपारी आम्ही सगळे कांदा काढायला शेतात गेलो होतो. परत आलो तर पिंजरा जमिनीवर आडवा पडलेला. मिठू आत जिवंत होता, पंखाजवळ फक्त एक बारीक ओरखडा होता. आम्ही हळद लावली, पेरूची फोड दिली आणि देवाचे आभार मानले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडला होता. त्याच संध्याकाळी मनीला पोत्यात घालून महामार्गाच्या पलीकडे लांब सोडून आलो. ती परत आली नाही. न्याय झाला, असे तेव्हा आम्हाला वाटले.

तो न्याय नव्हता, हे कळायला वेळ लागला. पाप घडायला समज लागते आणि इच्छा लागते. मांजराला यातले काहीच नसते. पोट भरलेले मांजरही शिकार करते, कारण त्याची भूक वेगळी आणि शिकारीची ओढ वेगळी. मनी पिंजऱ्याखाली बसत होती ती मैत्रीने नव्हे, ती टपून बसत होती. आम्ही तिला मैत्री म्हटले, कारण तसे म्हणणे सोयीचे होते. मिठू झाडावर असता तर मांजर दिसताच उडून गेला असता. उडून जाण्याची त्याची वाट आम्ही बंद केली, त्याला तिच्या डोळ्यांसमोर टांगले आणि मग खुनी तिला ठरवले. घरात समज असलेले फक्त आम्हीच होतो.

नंतर जनावरांच्या डॉक्टरांकडून आणखी एक गोष्ट कळली. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. लहानशा जखमेतूनही ते पक्ष्याच्या रक्तात जातात आणि एकदोन दिवसांत त्याचा जीव घेऊ शकतात. पक्षी आजारपण लपवतो, कारण रानात अशक्त दिसणारा आधी मारला जातो. म्हणून मांजराचा दात किंवा नख लागले की पक्षी ठणठणीत दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावा. हळदीने भागत नाही.

ज्यांच्या घरी पक्षी आणि मांजर दोन्ही आहेत त्यांनी पक्ष्याला वेगळी खोली द्यावी आणि तिचे दार लावून घ्यावे. पिंजरा पक्का बसवावा, नुसता टांगून ठेवू नये. गजांतून मांजराचा पंजा आत जाऊ नये. दोघांना एकटे कधीच सोडू नये. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण पिंजऱ्यातल्या पक्ष्याने घंटा ऐकून जायचे कुठे?

याहून अवघड प्रश्न म्हणजे मिठूला आणायलाच हवे होते का? आपल्याकडचा हिरवा पोपट पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) गुन्हा आहे. ही पिल्ले बहुधा झाडाच्या ढोलीतून चोरलेली असतात. मांजराने त्याला मारण्याआधी कोणीतरी त्याला आईपासून तोडले होते, आणि पैसे आम्ही मोजले होते. ज्यांच्याकडे असा पोपट आहे त्यांनी पिंजरा उघडून त्याला एकदम सोडून देऊ नये. माणसाच्या हातून वाढलेला पक्षी बाहेर जगेलच असे नाही. वनविभागाला कळवावे.

कोणी म्हणेल, माणसांचे इतके प्रश्न असताना पोपटाचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातला २४१८ वा परिच्छेद दोन्ही गोष्टी सांगतो. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा जनावरांवर उधळणेही शोभत नाही. पण दार लावायला पैसे लागत नाहीत, लक्ष लागते. आणि लक्ष न देण्याची सवय पिंजऱ्यापाशी थांबत नाही. विहिरीला कठडा बांधायचा नाही आणि मूल पडले की ते खोडकर होते म्हणायचे, ही तीच सवय.

लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील, असे चित्र यशया संदेष्ट्याने रंगवले आहे. ती देवाच्या राज्याची आशा आहे. ते राज्य आपल्या ओसरीवर आले आहे असे समजून दार उघडे टाकणे ही श्रद्धा नव्हे, निष्काळजीपणा आहे.

दर रविवारी मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या पापांबरोबरच, जे करायला हवे होते पण केले नाही त्याचीही कबुली देतो. त्या वेळी आम्हाला मिठू आठवतो. त्याहून जास्त आठवते ती पोत्यातली मनी. आमच्या चुकीची शिक्षा तिने भोगली.

जीव पाळायचा म्हणजे त्याला दिलेला शब्द पाळायचा. त्याने तो मागितलेला नसतो, तरी घरात आणतानाच आपण तो देऊन बसलेलो असतो. आज घरी गेल्यावर एकदा बघू या, आपल्या भरवशावर कोण आहे आणि कोणते दार उघडे राहिले आहे.