स्वच्छ उड्डाणाचा हिशेब

नौबादच्या माणसाला विमानाचे अप्रूप नाही. बीदरच्या हवाई तळावरची शिकाऊ वैमानिकांची विमाने वर्षानुवर्षे त्याच्या डोक्यावर घिरट्या घालीत आली आहेत. १९९६ साली ‘सूर्यकिरण’ पथक याच तळावर उभे राहिले, आणि २०२० मध्ये प्रवासी विमानही येथे उतरले. तेव्हा धुराऐवजी फक्त पाण्याची वाफ सोडणारे लहान विमान येऊ घातले आहे, ही बातमी इकडची मंडळी कुतूहलाने वाचणारच. मला मात्र तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दिसतो. एखाद्या वस्तूला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो, तेव्हा ती कोठे उभे राहून पाहिलेली असते?

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन जळत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, त्यातून वीज निघते, विजेवर मोटर फिरते आणि मागे उरते पाणी. कल्पना विल्यम ग्रोव्ह यांची, १८३९ च्या सुमाराची. विमानात ती बसवायला पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. २०१६ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला चार आसनांचे विमान असे उडाले. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडात डॉर्निअर २२८ चे (या जातीची विमाने आपल्या कानपूरलाही बनतात) डावे इंजिन हायड्रोजनवर चालवले. उजवे बिचारे जुन्याच इंधनावर होते. वजनाच्या मानाने हायड्रोजनमध्ये विमानाच्या इंधनाच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते, पण जागा तो फार खातो. द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंशांची थंडी हवी.

आपल्याकडे पहिला आक्षेप पाण्याचा निघेल, आणि ते साहजिक आहे. नौबादच्या पोटात बहामनी काळातली कारेझ आहे. लोक तिला सुरंगबावी म्हणतात. जांभा खडक कोरून केवळ उताराच्या बळावर पाणी गावाकडे आणणाऱ्या त्या हातांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. शेजारच्या लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पण जरा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी, शुद्धीकरण धरून आणखी थोडे. लहान विमानाच्या एका फेरीला शंभर किलो लागला असे धरले, तरी हजार-दीड हजार लिटर. एक टँकरसुद्धा नाही.

खरी मेख विजेत आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासहून अधिक युनिटे खर्ची पडतात. त्या किलोत साठतात तेहतीस, आणि मोटरपर्यंत पोहोचतात त्यातली जेमतेम निम्मी. तीन युनिटे द्यावीत तेव्हा एक उडते. इकडे थ्री-फेज वीज रात्री येते म्हणून विंचवाकाट्यातून पंपाकडे जाणारा शेतकरी आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या माळावरची सूर्याची वीज तिप्पट मोजून आकाशात न्यावी काय? शिवाय जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच बनतो. तसा हायड्रोजन भरलेल्या विमानाची शेपटी स्वच्छ असेल, पण धूर दुसऱ्या कोणाच्या गावावर राहील.

म्हणून संशोधन थांबवा, असे मी म्हणणार नाही. ‘आधी शेतकरी, मग विमान’ ही घोषणा टाळ्या घेते, पण विद्या अशी रांगेत उभी राहत नाही. फ्युएल सेल १९६५ मध्ये ‘जेमिनी’ यानातून अंतराळात गेला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने व केपीआयटीने तोच बसमध्ये बसवून दाखवला. लांब पल्ल्याच्या उड्डाणाला बॅटरीचे वजन झेपत नाही, हेही खरेच. माझी हरकत ‘प्रदूषणमुक्त’ ही पाटी फुकट वाटण्याला आहे. उद्या असे विमान बीदरला उतरले तर धावपट्टीवरचे पाणी पाहायला आपण अवश्य जाऊ. पण ही वीज कोणत्या माळावरची, आणि ती इकडे वळवली तेव्हा त्या गावातले पंप चालू होते की बंद, हेही तेथेच विचारू.